'धिस वॉज युवर लाइफ!' : भीतीच्या बळावर वाटली जाणारी सुवार्ता

खिशात सहज मावणारी, सुमारे पाच इंच रुंद आणि तीन इंचांहून कमी उंच, एकाच काळ्या शाईत छापलेली आणि मध्ये पिना मारलेली 'धिस वॉज युवर लाइफ!' (हे होते तुझे आयुष्य!) ही इंग्रजी चित्रपत्रिका 1964 पासून छापली जात आहे. कॅलिफोर्नियातील चिक पब्लिकेशन्स ही तिची प्रकाशनसंस्था असून तिचे लेखन आणि चित्रे जॅक चिक (1924–2016) या व्यंगचित्रकाराची आहेत. ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी निघालेल्या चित्रसाहित्यात या पत्रिकेइतके हातोहात फिरलेले दुसरे काही क्वचितच सापडेल, आणि भीतीचा इतका उघड वापर करणारेही. या परीक्षणात मी तिच्याकडे एक वस्तू म्हणून पाहणार आहे: ती कशी घडवली आहे, ज्या कामासाठी घडवली ते काम ती करते का, आणि त्यासाठी वापरलेल्या भीतीच्या साधनाला ते काम कितपत पेलते. नरक आहे की नाही हा प्रश्न कोणत्याही परीक्षणाच्या आवाक्याबाहेरचा असल्यामुळे तो बाजूला ठेवलेला बरा.

या वस्तूची पहिली गंमत अशी की तिचे पैसे मोजणारा आणि ती वापरणारा ही दोन वेगळी माणसे असतात. गठ्ठ्याने विकत घेतो तो श्रद्धाळू ख्रिस्ती माणूस किंवा एखादी मंडळी, म्हणजे चर्च. वाचतो तो मात्र कोणी अनोळखी माणूस, ज्याला ती बसच्या बाकावर, सार्वजनिक स्वच्छतागृहात किंवा हॉटेलच्या टेबलावर पडलेली सापडते. अमेरिकेत तर मुले घरोघर खाऊ मागत फिरतात त्या हॅलोविनच्या रात्री ती लहान मुलांच्या पिशवीत गोळ्या-चॉकलेटांबरोबर टाकली जाते. पैसे देणाऱ्याला आपण एका जिवाला आगीतून वाचवण्याचा प्रयत्न केला एवढे समाधान मिळते आणि त्याचा व्यवहार तिथेच पुरा होतो. पत्रिका हाती पडलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे त्याला बहुधा कधीच कळत नाही. गिऱ्हाईक समाधानी आहे एवढ्यावरून माल चांगला ठरवायचा, तर या पत्रिकेला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील, कारण तक्रार करू शकेल असा माणूस गिऱ्हाइकांच्या यादीत नसतोच. प्रकाशकांचे घोषवाक्यही मोठे सावध आहे. चिक पत्रिका वाचल्या जातात, एवढेच ते म्हणते. वाचल्याने लोक ख्रिस्ती होतात असा दावा त्यात नाही, आणि जो दावा आहे तो शंभर टक्के खरा आहे.

वाचली जाण्याचे श्रेय चिक यांच्या कसबाला द्यायलाच हवे. 1948 साली चार्ल्स फुलर या धर्मप्रचारकाचे रेडिओवरील प्रवचन ऐकून ते स्वतः श्रद्धेकडे वळले. पुढे विमान आणि अंतराळ उद्योगाशी संबंधित एका कंपनीत तांत्रिक आरेखनाचे काम करता करता त्यांनी पत्रिका काढायला सुरुवात केली. चीनमधील साम्यवाद्यांनी जनतेला आपल्याकडे वळवण्यासाठी चित्रकथांचा फार परिणामकारक वापर केला, हे ऐकून आपल्याला ही कल्पना सुचली, असे ते सांगत. साम्यवादाचा मनापासून तिरस्कार करणाऱ्या माणसाने त्याच साम्यवाद्यांचे हत्यार उचलावे, यात विसंगती आहे असे त्यांना कधी वाटलेले दिसत नाही. शब्द थोडे, चित्र ढोबळ, प्रत्येक चौकटीत एकच गोष्ट आणि पान उलटल्याशिवाय राहवू नये अशी रचना: प्रचारसाहित्याचे हे सगळे नियम या पत्रिकेत काटेकोरपणे पाळलेले आहेत. आरेखनकाराची शिस्त तिच्या पानापानात दिसते.

कथा दोन मिनिटांत वाचून होते. एक सुखवस्तू, स्वतःवर खूश असलेला माणूस आपल्या वैभवात रमलेला आहे. मृत्यू त्याच्यापुढे येऊन उभा राहतो आणि त्याला घेऊन जातो. अंत्यविधी होतो, आणि जिथे इतर कथा संपतात तिथे ही सुरू होते. एक देवदूत त्याला कबरीतून उठवून न्यायासनासमोर नेतो. तिथे त्याचे संपूर्ण आयुष्य चित्रपटासारखे पडद्यावर दाखवले जाते. तारण झालेल्यांची नावे असलेल्या जीवनाच्या पुस्तकात त्याचे नाव शोधले जाते, ते सापडत नाही आणि त्याला अग्नीच्या सरोवरात टाकले जाते. त्यानंतर पत्रिका वाचकाकडे वळते आणि हेच आयुष्य वेगळ्या प्रकारे कसे जगता आले असते ते दाखवते: तोच माणूस ख्रिस्ताला स्वीकारतो, वेगळे जगतो, आणि मृत्यूनंतर त्याचे स्वागत होते. शेवटी तारणाची प्रार्थना, तुम्ही ख्रिस्ताला आपला तारणारा म्हणून स्वीकारले का या प्रश्नापुढे 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन, आणि तारखेसाठी जागा.

वरवर पाहता या पत्रिकेतील भीती आगीची आहे, आणि तिच्यावर टीका करणारेही बहुतेक आगीबद्दलच बोलतात. पत्रिका सावकाश पाहिली तर लक्षात येते की आगीला फार थोडी जागा मिळाली आहे आणि ती चित्रे तिच्यातील सर्वांत निस्तेज चित्रे आहेत. तो माणूस ज्वाळांत पडतो, किंचाळतो आणि पान उलटते. खरी भीती त्याच्या आधी, पडद्यावर आहे. त्या माणसाने खून केलेला नाही, दरोडा घातलेला नाही, कोणाला देशोधडीला लावलेले नाही. पडद्यावर दिसतात त्या सगळ्या गोष्टी सामान्य माणसाच्या आहेत: मित्रांच्या घोळक्यात सांगितलेला एखादा अश्लील विनोद, रस्त्याने जाणाऱ्या स्त्रीकडे टाकलेली नजर, मंडळीत बसलेला असताना प्रवचन सोडून भलतीकडेच भटकणारे मन. ओठांवर न आलेले विचारसुद्धा तिथे दिसतात आणि तो माणूस ते पाहत उभा असतो, हात वर करून, काहीतरी चूक होते आहे असे म्हणू पाहत. चित्रगुप्ताच्या वहीत निदान नोंदी असतात आणि नोंदींवर वाद घालता येतो. इथे प्रत्यक्ष दृश्यच समोर चालू आहे, आणि ते पाहणारे डोळे आपले एकट्याचे नाहीत.

ही शरमेची भीती आहे, आणि हे चिक यांचे सर्वांत हुशारीचे काम म्हणावे लागेल. ज्याने कधी भट्टी पाहिली नाही त्याला अग्नीचे सरोवर केवळ कल्पनेने उभे करावे लागते. आपले खासगी मन चव्हाट्यावर मांडले जाण्याची कल्पना मात्र कोणालाच परकी नाही. वाचक नास्तिक असो वा आणखी कोणत्या धर्माचा असो, पडद्याच्या त्या पानावर त्याच्या मनात स्वतःचीच दोन-चार दृश्ये तरळून जातात. माझ्याही गेली. साठ वर्षांहून जुन्या, वेशभूषा आणि गाड्या पूर्णपणे कालबाह्य झालेल्या पत्रिकेने आजही हे साधावे, याला दाद न देणे अन्यायाचे होईल.

तिच्यातील ईश्वराचे चित्रण याच ठिकाणी तपासून पाहावे. सिंहासनावर बसलेली एक प्रचंड, तेजस्वी, चेहरा नसलेली आकृती, असा चिक यांचा ईश्वर आहे. ईश्वराचा चेहरा काढायचा नाही, यामागे आदर असणार हे उघड आहे. परिणाम मात्र असा होतो की संपूर्ण पत्रिकेत सर्वांत जास्त भाव त्या दोषी माणसाच्या चेहऱ्यावर आहेत, आणि त्याच्यावर प्रेम करतो असे ज्याच्याबद्दल सांगितले जाते त्याच्या चेहऱ्यावर काहीच नाही. प्रेमाची गोष्ट वचनांच्या उद्धृतांतून येते, भीतीची चित्रांतून. चित्रकथेत जे चित्रात नाही ते वाचकाच्या मनात टिकत नाही, हे चिक यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? गालिलातला तो सुतार येशू, ज्याच्या नावाने हे सगळे चालले आहे, ज्याने कुष्ठरोग्याला हात लावला आणि जकातदारांच्या पंगतीला बसला, तो या पत्रिकेत माणूस म्हणून जवळजवळ भेटतच नाही. सुटकेची अट म्हणून भेटतो.

आता परिणामकारकतेकडे वळू. भीती दाखवून माणसाचे वागणे बदलता येते का, याचा अभ्यास धर्माबाहेर, विशेषतः आरोग्यप्रचाराच्या क्षेत्रात, पुष्कळ झालेला आहे. 1953 साली जॅनिस आणि फेशबॅक यांनी दातांच्या निगेविषयी केलेल्या प्रयोगात सर्वांत भीतिदायक व्याख्यान ऐकणाऱ्यांनी सर्वांत कमी बदल केला होता. त्याहून या पत्रिकेला लागू पडणारा प्रयोग 1965 सालचा आहे. येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेन्थल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताविषयी पुस्तिका वाचायला दिल्या. काही पुस्तिका सौम्य होत्या, काही अंगावर काटा आणणाऱ्या. भीतिदायक पुस्तिका वाचणाऱ्यांनी लस घेतली पाहिजे असे जास्त ठामपणे सांगितले, पण प्रत्यक्षात लस टोचून घेण्यात भीती कमी की जास्त याने फरक पडला नाही. फरक पडला तो एका साध्या गोष्टीने. ज्यांना आरोग्य केंद्राचा नकाशा देऊन केव्हा जाणार याचा विचार करायला लावले होते, त्यांच्यापैकी सुमारे 28 टक्के गेले. नुसती भीती दाखवलेल्यांपैकी जेमतेम 3 टक्के. भीती अजिबात न घालता केवळ नकाशा देऊनही कोणी गेले नाही. थोडी भीती आणि नेमका रस्ता, या दोहोंची जोडी लागते.

या कसोटीवर चिक यांची पत्रिका प्रयोगाच्या आधीच उत्तीर्ण झालेली आहे. शेवटच्या पानावरील प्रार्थना, दोन चौकोन आणि तारखेची जागा हा त्यांचा नकाशा आहे. घाबरलेल्या वाचकाला कुठे जायचे नाही, कोणाला विचारायचे नाही, पैसे द्यायचे नाहीत. उभ्या उभ्या चार वाक्ये म्हणायची आणि खूण करायची. धोका अनंत काळाचा आणि उपाय मिनिटाभराचा, यापेक्षा आकर्षक सौदा जाहिरातीच्या इतिहासात कोणी देऊ केला नसेल. मात्र धनुर्वाताच्या पुस्तिकेत आणि या पत्रिकेत एक मोठा भेद आहे आणि माझ्या मते सगळे गणित तिथेच बिघडते. धनुर्वाताचा रुग्ण दाखवता येतो, लस टोचली की दंड दुखतो, नोंद होते, आणि त्या रोगाची भीती तिथेच संपते. चौकोनात खूण केल्यावर भीती संपली हे ठरवणार कोण? ज्या मनाने भीती घेतली त्याच मनाला प्रार्थना खऱ्या अंतःकरणाने केली की नाही याचा निवाडा करावा लागतो, आणि घाबरलेल्या मनाइतका वाईट न्यायाधीश दुसरा नसतो.

म्हणूनच अशा प्रचारात वाढलेल्या अनेकांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: ती प्रार्थना त्यांनी एकदा केलेली नसते, वर्षानुवर्षे, रात्री झोपण्यापूर्वी, मागच्या वेळी नीट झाली नसेल या शंकेने पुन्हा पुन्हा केलेली असते. लहानपणी शाळेतून आल्यावर घर रिकामे दिसले की येशू परत येऊन सगळ्यांना घेऊन गेला आणि आपण एकटेच मागे राहिलो, असे वाटून धडकी भरल्याचे सांगणारी माणसे अमेरिकेतील सुवार्तावादी कुटुंबांत कमी नाहीत. तारखेची जागा एकच असलेल्या पत्रिकेने याचा विचार केलेला नाही.

वस्तू ज्या ग्रंथाच्या आधारे विकली जाते त्या ग्रंथाशी तरी ती प्रामाणिक आहे का, हे तपासणे परीक्षकाचे काम आहे. गेहेन्ना म्हणजे नरक, बाहेरचा अंधार, रडणे आणि दात खाणे हे सगळे येशूचे चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानांत येशूच्याच तोंडी आहे, त्यामुळे ख्रिस्ती धर्मात भीती नंतरच्या लोकांनी घुसडली असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मोठी कोठारे बांधण्याचे बेत करणाऱ्या आणि त्याच रात्री मरणाऱ्या धनवानाचा लूकमधील दाखला तर चिक यांच्या कथानायकाचा थेट पूर्वज शोभतो. पण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचे जे सविस्तर चित्र आहे, त्यात पडदा नाही, मनातील विचारांची झडती नाही आणि योग्य शब्दांत केलेल्या प्रार्थनेची चौकशीही नाही. तिथे एवढेच विचारले जाते की भुकेल्याला खायला दिले का, परक्याला घरात घेतले का, आजाऱ्याची विचारपूस केली का, तुरुंगातल्याला भेटायला गेला का. त्या अध्यायातही भीती आहे, आणि ती कडक आहे, पण ती वाचकाचे तोंड शेजाऱ्याकडे वळवते. चिक यांची भीती त्याला स्वतःच्याच पडद्यापुढे खिळवून ठेवते. दोन्हीकडे आग एकच असली तरी तिच्या उजेडात काय दिसते ते अगदी वेगळे आहे. आणि ज्या नव्या करारातून पत्रिकेतील वचने उचलली आहेत, त्यातच योहानाच्या पहिल्या पत्रात पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते असे स्पष्ट लिहिलेले आहे.

हा पेच ख्रिस्ती परंपरेला नवा नाही आणि तिने तो कधी झाकलेलाही नाही. 2 जुलै 1505 रोजी श्टोटर्नहाइम गावाजवळ विजेच्या कडकडाटात घाबरलेल्या मार्टिन ल्यूथरने मला वाचव, मी संन्यासी होईन असा नवस संत ॲनाला केला आणि तो खरेच मठात गेला. भीतीने त्याला मठाच्या दारापर्यंत नेले, पण मठात त्याची भीती वाढतच गेली आणि तिच्यातून सुटका शोधताना प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा पुढचा सगळा इतिहास घडला. कॅथलिक चर्चने 1551 साली ट्रेंटच्या परिषदेत या विषयाचा फार बारकाईने विचार केला. ईश्वरावरील प्रेमातून होणारा पश्चात्ताप पूर्ण आणि नरकाच्या भीतीतून होणारा अपूर्ण, असा भेद तिथे मांडला गेला. अपूर्ण पश्चात्तापही ईश्वराची देणगी मानला गेला, पण तो एकटा पुरेसा नाही, पापनिवेदनाच्या संस्काराची तयारी म्हणून तो उपयोगी आहे, असे ठरले. म्हणजे भीती ही उंबरठ्याबाहेरची पायरी. घर आत आहे. चिक यांच्या पत्रिकेची खरी उणीव सोळाव्या शतकातील धर्मपंडितांनी इतक्या नेमकेपणाने सांगून ठेवली आहे, आणि चिक यांना कॅथलिक चर्चविषयी पराकोटीचा द्वेष होता हे लक्षात घेता ती त्यांनी तिथून शिकून घेतली नाही याचे नवल नाही.

भीतीची किंमत काय पडू शकते याचे सर्वांत गंभीर उदाहरण जोनाथन एडवर्ड्स या अमेरिकेतील थोर प्रवचनकाराचे आहे. 8 जुलै 1741 रोजी एनफील्ड येथे त्यांनी पापी माणसाला आगीवर धरलेल्या, जाळे विणणाऱ्या कोळ्याची उपमा देऊन जे प्रवचन केले, ते चालू असताना श्रोत्यांतून एवढा आक्रोश झाला की त्यांना थांबावे लागले, ही घटना प्रसिद्धच आहे. तिच्या सहा वर्षे आधीची घटना मात्र कमी सांगितली जाते. नॉर्थॅम्प्टन येथे त्यांच्याच प्रवचनांतून धार्मिक जागृतीची मोठी लाट उसळली असताना, 1 जून 1735 रोजी त्यांचे काका जोसेफ हॉली यांनी आपल्या आत्म्याच्या गतीविषयीच्या निराशेत स्वतःचे जीवन संपवले. एडवर्ड्स यांनी हे लपवले नाही. त्या लाटेचा वृत्तांत लिहिताना त्यांनी स्वतः ही घटना नोंदवली आणि त्यानंतर गावातील इतर लोकांच्या मनातही तसेच विचार येऊ लागल्याचे सांगितले. हे सैतानाचे काम आहे असा त्यांचा अर्थ होता. एडवर्ड्स यांना निदान आपले श्रोते नावानिशी ठाऊक होते, त्यांच्यापैकी कोण कोमेजले आहे हे त्यांना दिसत होते, त्यांच्या घरी जाता येत होते. बसच्या बाकावर ठेवलेल्या पत्रिकेला यातले काहीही दिसत नाही. ती कोणाच्या हाती पडेल, आणि तो माणूस त्या दिवशी कोणत्या अवस्थेत असेल, हे ती ठेवणाऱ्याला ठाऊक नसते.

याच जातीची इतर उत्पादने बाजारात आहेत आणि तुलनेसाठी त्यांचा उल्लेख पुरे. 1972 पासून व्हर्जिनियातील लिंचबर्ग येथे जेरी फॉलवेल या पाद्र्याच्या मंडळीने मृत्यूची दृश्ये दाखवणारे भयगृह चालवायला सुरुवात केली. पुढे 1990 च्या दशकात कीनन रॉबर्ट्स या पाद्र्याने दारू पिऊन झालेले अपघात, गर्भपात, एड्सने झालेले मृत्यू आणि शेवटी नरक दाखवणाऱ्या अशा खेळाचा संहितेसह तयार संच इतर मंडळ्यांना विकायला काढला. ते पाहताना पाप कमी आणि माणसांचे काही ठरावीक गट जास्त दिसतात. त्यापुढे चिक यांची ही पत्रिका खरोखरच उजवी आहे, कारण तिच्यातील पापी हा कोणी दुसरा नसून वाचक स्वतः आहे. आणि 2011 साली फॅमिली रेडिओ या ख्रिस्ती नभोवाणीच्या हॅरल्ड कॅम्पिंग यांनी 21 मे ही न्यायाच्या दिवसाची तारीख रस्तोरस्ती फलकांवर लावली. तो दिवस गेला, 21 ऑक्टोबरही गेला आणि 2012 च्या मार्चमध्ये त्यांनी आपले चुकले असे जाहीरपणे कबूल केले. भीतीला तारीख दिली की ती तपासता येते. चिक यांनी ती चूक केली नाही.

या सगळ्यावर समर्थकांचे एक उत्तर असते आणि ते हलके नाही. घराला आग लागली असेल तर झोपलेल्याला हळुवारपणे उठवायचे की ओरडून, असे ते विचारतात. ज्याचा नरकावर खरोखर विश्वास आहे त्याने गप्प बसणे हाच क्रूरपणा ठरेल, हा युक्तिवाद मला पटतो. हे पटल्यावरही प्रश्न उरतोच, कारण ओरडणारा माणूस ओरडून निघून जात नाही. तो दार ठोठावतो, म्हाताऱ्यांना हात देतो, बाहेर आलेल्यांच्या अंगावर पांघरूण घालतो आणि सगळे सुखरूप असल्याची खात्री झाल्यावर, आता घाबरू नका, असे सांगतो. पत्रिकेत पहिली हाक आहे, शेवटचे वाक्य नाही. भीती निर्माण करण्यासाठी जितकी पाने खर्ची पडली आहेत त्यांच्या मानाने भीती उतरवण्यासाठी ठेवलेली जागा फारच तुटपुंजी आहे.

याच प्रकाशनाच्या इतर पत्रिकांबद्दल विकत घेणाऱ्यांना सावध करणे आवश्यक वाटते. पुढील दशकांत भीतीचा विषय वाचकाच्या स्वतःच्या मनापासून सरकत सरकत इतर लोकांवर गेला. कॅथलिक, मुस्लिम, समलैंगिक, फ्रीमेसन अशा एकेकाला सैतानाचे हस्तक ठरवणाऱ्या पत्रिका निघाल्या. 1984 च्या 'डार्क डंजन्स'मध्ये तर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या मुलांच्या कल्पनाखेळातून थेट चेटूकविद्येकडे आणि आत्महत्येकडे जाणारा रस्ता दाखवला आहे, आणि त्या खेळाचे शौकीन आज ती पत्रिका विनोद म्हणून जमवतात. फ्रेड कार्टर या दुसऱ्या चित्रकाराने अनेक पत्रिकांत केलेले रेखाटन चिक यांच्यापेक्षा कितीतरी सरस आहे, पण चित्रे सुधारली तशी कथा सुधारली नाही. खदाखदा हसणारे भुतांचे चेहरे वाढत गेले आणि वाचकाला स्वतःकडे पाहायला लावणारा तो पडदा मागे पडला. दुसऱ्याची भीती विकणे सोपे असते, बहुधा म्हणून.

तेव्हा 'धिस वॉज युवर लाइफ!' घ्यावी का? चित्रकथेचा किंवा प्रचारकलेचा अभ्यास करणाऱ्याने अवश्य घ्यावी, इतक्या थोड्या जागेत इतके काम करणारी रचना शिकण्यासारखी आहे. ज्या मंडळीला आपल्या श्रद्धेची ओळख अनोळखी माणसाला करून द्यायची आहे तिने मात्र ती ओळखपत्र म्हणून वापरू नये. ज्याला येशूविषयी काहीच माहिती नाही अशा वाचकाच्या मनात या पत्रिकेनंतर फिल्म जपून ठेवणाऱ्या एका सर्वसाक्षी यंत्रणेची आणि तिच्यापासून वाचण्याच्या एका तोडग्याची प्रतिमा राहील, आणि ती पुसून दुसरी काढायला फार वेळ लागेल. मुलांच्या हाती ती देऊ नये, हॅलोविनच्या पिशवीत तर नाहीच, कारण ज्या वयात स्वप्न आणि शिक्षा यांतला फरक नीट कळत नाही त्या वयात पडद्याची ती पाने निव्वळ जाच आहेत. रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात, मानसोपचाराच्या दवाखान्यात किंवा नुकत्याच मृत्यू झालेल्या घरी ती ठेवणाऱ्यांनी आपण काय करतो आहोत याचा दोनदा विचार करावा. पहिल्या काही पानांतच अंत्यविधी आहे आणि त्यानंतर मृताला आगीत टाकलेले आहे.

ज्यांना हे सगळे वाचूनही ती वाटायचीच आहे त्यांच्यासाठी मागच्या मुखपृष्ठावर मंडळीचा शिक्का मारायला कोरी जागा ठेवलेली असते. तिथे पत्त्याबरोबर एक दूरध्वनी क्रमांक लिहावा, आणि तो असा असावा की रात्री उशिरा घंटा वाजली तरी कोणीतरी माणूस तो उचलेल.